आरव्ही निवडताना पलंग मोजू नका, आधी पिवळा स्टिकर वाचा

न्यू जर्सीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारा आय-८० हा सरळ रस्ता साधारण २,९०० मैलांचा. पण हौसेने निघालेलं कोणी त्या सरळ रस्त्याने जात नाही. बॅडलँड्स, यलोस्टोन, ग्रँड टीटन, झायन ही नॅशनल पार्क करत जायचं आणि दक्षिणेकडून परतायचं म्हटलं की ७,००० मैल सहज होतात. सोबत मुलं आणि उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा. अशा सहा जणांसाठी मोटरहोम, म्हणजे इथे सगळे म्हणतात ती आरव्ही, शोधायला घेतली की जाहिरातीत पहिला आकडा दिसतो तो 'स्लीप्स ८'. आठ जण झोपतात, मग सहा जण आरामात जातील, असं वाटतं आणि निवड तिथेच चुकते.

झोपायच्या जागा वेगळ्या आणि धावत्या गाडीत बसायच्या जागा वेगळ्या. आठ जण झोपतील अशा गाडीत सीट बेल्ट पाच किंवा सहाच असतात. तेही सगळे सारखे नसतात. ड्रायव्हर आणि शेजारची सीट ही मूळ गाडीची, कारखान्यात चाचणी झालेली. मागच्या जेवणाच्या टेबलाभोवतीची बाकं मात्र बऱ्याचदा लाकडी चौकटीवर बसवलेली असतात. त्यांना फक्त कमरेचा पट्टा असतो आणि अर्धी बाकं उलट्या तोंडाची असतात. लहान मुलाची कार सीट आडव्या सोफ्यावर कधीच लावायची नसते, तिला पुढे तोंड असलेलीच सीट हवी. गाडी पाहायला जाताना मुलांच्या कार सीट सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. बाकाच्या गादीखाली हात घालून पट्टा कशाला बांधला आहे तेही पाहा. पट्टा लोखंडी चौकटीला बोल्टने धरलेला असेल तर ठीक. नुसत्या प्लायवूडला असेल तर ती जागा मोजू नका.

आता वजन. या विषयावर सगळ्यात कमी बोललं जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान यातूनच होतं.

गाडीच्या उजव्या अंगाच्या पुढच्या दारावर आतून, किंवा दाराशेजारी, पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांचा एक स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंडांच्या वर जाता कामा नये, तो आकडा त्यावर छापलेला असतो. इंधन आणि प्रोपेन पूर्ण भरलेलं धरूनच तो काढतात. पाणी मात्र त्यात नाही, पाण्याचं वजन तुमच्या सामानात मोजायचं. पाण्याचा एक गॅलन ८.३ पौंडांचा.

समजा स्टिकरवर १,४०० पौंड आहेत. सहा माणसं, त्यात दोन मुलं: ८०० पौंड. पाण्याची ४० गॅलनची टाकी पूर्ण भरली तर ३३२. प्रत्येकी ३० पौंडांची बॅग म्हणजे १८०. धान्य, भांडी, कुकर, फ्रिजमधलं सामान १५०. खुर्च्या, पाइप, केबल, हत्यारं, चाकाखाली ठेवायच्या फळ्या आणखी १५०. बेरीज १,६१२. घरातून निघतानाच गाडी २०० पौंडांहून जास्त ओव्हरलोड. पाणी फक्त १५ गॅलन भरलं तरी १,४०५ होतात, म्हणजे मर्यादा काठावर का होईना ओलांडलेलीच.

यात एक गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. क्लास सी म्हणजे पुढे ट्रक-व्हॅनची केबिन आणि मागे बांधलेलं घर. २४ फुटी आणि ३२ फुटी क्लास सी या दोन्ही बऱ्याचदा एकाच फोर्ड ई-४५० चॅसीवर, म्हणजे इंजिन-चाकांसकटच्या खालच्या सांगाड्यावर, बांधलेल्या असतात आणि त्या चॅसीची एकूण मर्यादा १४,५०० पौंड. वरचं घर लांब झालं, दोन-दोन स्लाइड-आउट, म्हणजे गाडी उभी असताना बाहेर सरकणारे भाग, लागले, की घराचंच वजन ती मर्यादा खाऊन टाकतं. म्हणून मोठी गाडी अनेकदा छोटीपेक्षा कमी सामान वाहते. ऐसपैस जागा दिसते, कपाटं भरपूर असतात आणि ती भरली की मागचा आस (ॲक्सल) वाकतो. मागचे टायर तापतात आणि भर उन्हात नेब्रास्कात कुठेतरी एक फुटतो. फुटलेल्या टायरचा पट्टा फडफडत चाकावरची जमीन, वायरी, सांडपाण्याचे पाइप, वाटेत येईल ते फाडत जातो. टायरपेक्षा ती दुरुस्ती महाग पडते.

स्टिकरचा आकडा गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचा. आधीच्या मालकाने जादा बॅटऱ्या, सोलर, मागे सायकलचा स्टँड बसवला असेल तर तो आकडा तेवढ्याने कमी झाला. म्हणून वापरलेली गाडी घेण्याआधी मोठ्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर न्या. पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळ्या पट्ट्यांवर उभं करा म्हणजे दोन्ही आसांचं वजन स्वतंत्र मिळतं, आणि ते ड्रायव्हरच्या दारावरच्या पाटीशी ताडून बघा. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा आस मर्यादेबाहेर, हे सर्रास आढळतं. पलंग, मोठा सामानाचा कप्पा आणि टाक्या सगळं मागच्या चाकांच्याही मागे असतं, म्हणून.

किती लांब, किती उंच

आसांमधलं अंतर भागिले गाडीची एकूण लांबी, हा हिशेब प्रत्येक गाडीचा करा. ५५ टक्क्यांच्या खाली उत्तर आलं तर ती गाडी सोडून द्या, असं माझं स्पष्ट मत. २२ फूट म्हणजे २६४ इंचांची गाडी आसांत १५८ इंच अंतर असलेल्या चॅसीवर असेल तर ६० टक्के, छान. त्याच १५८वर २४ फुटांचं घर बसवलं तर ५५च्या किंचित खाली. मागचा भाग चाकांच्या पलीकडे लांब लटकला की शेजारून ट्रक जाताना शेपूट हलते आणि ड्रायव्हर दिवसभर स्टिअरिंग सावरत राहतो. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्स या आय-८०च्या टप्प्यावर आडवा वारा इतका असतो की हलक्या, उंच गाड्यांसाठी रस्ता बंद करतात. अशा रस्त्यावर त्या पाच टक्क्यांचा फरक हातांना कळतो. पेट्रोल पंपावरून वळताना हीच शेपूट खांबाला घासते, ते वेगळंच.

नॅशनल पार्कमधले कॅम्पग्राउंड जुने आहेत, आजच्या लांबीच्या गाड्या डोळ्यांपुढे ठेवून ते आखलेले नाहीत. २७ फुटांच्या आत राहिलात तर बऱ्याच जागा खुल्या राहतात. ३२ फुटांना त्या भराभर कमी होतात. रस्त्यांचे नियमही आधी बघून ठेवा. ग्लेशियरमधल्या गोइंग-टु-द-सन रोडच्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही. म्हणजे जवळपास कोणतीच क्लास सी नाही, तिथे शटल किंवा भाड्याची कार. झायनमधला माउंट कार्मेलचा बोगदा १९३० सालचा. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी त्यात आपल्या लेनमध्ये मावत नाही. क्लास सी साधारण ८ फूट ४ इंच रुंद, तेव्हा झायनला स्प्रिंगडेलच्या बाजूने जा आणि ब्राइसला जाण्यासाठी वळसा धरूनच दिवस मोजा. पूर्वेकडे तर घराजवळच धोका: न्यूयॉर्कच्या पार्कवेंवर आरव्ही नेताच येत नाही, पूल फार खाली आहेत. काही बोगद्यांत प्रोपेनवर बंदी किंवा मर्यादा असते, म्हणून साधा कारचा नकाशा न वापरता उंची, लांबी आणि प्रोपेन भरता येणारा आरव्हीचा नॅव्हिगेशन वापरा. छतावरच्या एसीसकट उंची टेपने मोजून डॅशबोर्डवर चिकटवा.

कोणता प्रकार

क्लास बी म्हणजे व्हॅन. शहरात कुठेही लागते, गॅलनला १५-१६ मैल देते, चालवायला मोठ्या कारसारखी. दोघांसाठी माझी पहिली पसंती तीच. सहा जणांसाठी विचारच नको. अंघोळ आणि संडास एकाच ओल्या खोक्यात असतो आणि आई-बाबांना रोज ते ओलं झेपत नाही.

मर्सिडीजच्या स्प्रिंटर व्हॅनवर बांधलेल्या छोट्या क्लास सी दिसायला देखण्या असतात, आतलं लाकूडकाम सुबक असतं. पण चॅसीची मर्यादा ११,०३० पौंड. घराचं वजन वजा केलं की सहा माणसांनाच ती बऱ्याचदा जेमतेम पुरते, पाणी आणि सामान तर दूरच. शिवाय डिझेल इंजिनाला धुरातलं प्रदूषण कमी करणारं डीईएफ नावाचं द्रव लागतं. त्याच्या यंत्रणेत बिघाड झाला की गाडी आधी इशारा देते आणि ठरावीक मैलांनंतर इंजिन पुन्हा सुरूच होऊ देत नाही. माँटानाच्या मध्यावर जाणकार मेकॅनिक गाठणं अवघड. फोर्ड ई-४५०चं पेट्रोल इंजिन, जुन्या गाड्यांत ६.८ लिटरचं व्ही१० आणि नव्यांत ७.३ लिटरचं व्ही८, साधं आणि तहानलेलं आहे, पण ट्रक दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही गावातल्या माणसाला ते ठाऊक असतं. लांबच्या प्रवासात मला हाच गुण सगळ्यात मोलाचा वाटतो.

क्लास ए, म्हणजे बसच्या आकाराची, वर्षभर राहायला उत्तम. पण ती घेतली की पार्कमध्ये फिरायला मागे कार ओढावी लागते.

इंधनाचा हिशेब सरळ आहे. ७,००० मैल, क्लास सीला गॅलनला ९ मैल धरले तर ७७८ गॅलन. क्लास एला ७ धरले तर १,०००. व्हॅनला १६ धरले तर ४३७. तुमच्या वाटेवरच्या भावाने गुणा. क्लास सी आणि क्लास एमधला फरक या प्रवासात २२२ गॅलनचा, तो गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. म्हणून केवळ मायलेजवर निवड करू नका.

सहा जणांसाठी माझं उत्तर: ई-४५०वरची २५ ते २८ फुटी क्लास सी, स्लाइड-आउट एकच किंवा एकही नाही. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या माळ्यावर मुलं झोपतील. त्याची वजनमर्यादा तिथेच लिहिलेली असते आणि शिडी उभी असते, म्हणून गुडघे दुखणाऱ्या कोणाला तिथे पाठवू नका. मागचा पलंग दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा हवा. कोपऱ्यात तीन भिंतींना टेकलेला पलंग आराखड्यात जागा वाचवतो, पण रात्री दोनदा उठणाऱ्या बाबांना आईला ओलांडून यावं लागतं. स्लाइड-आउट असेल तर तो आत घेऊन, गाडी जणू रस्त्यावर उभी आहे असं समजून आत चालून बघा. संडासापर्यंत जाता येतं का? फ्रिजचं दार उघडतं का? विक्रेता गाडी नेहमी स्लाइड उघडूनच दाखवतो.

पाणी, वीज आणि फोडणी

नॅशनल पार्कमधल्या बहुतेक कॅम्पग्राउंडमध्ये ना वीज जोडता येते, ना पाणी, ना ड्रेनेज. यलोस्टोनमध्ये सगळ्या जोडण्या मिळतात त्या फक्त फिशिंग ब्रिजला. तेव्हा गाडीच्या टाक्या किती दिवस पुरतील, यावर तुमचा प्रवास बेतलेला असतो.

सहा माणसांनी जपून वापरलं तरी दिवसाला माणशी ५ गॅलन, म्हणजे ३०. चाळीसची टाकी सव्वा दिवस. सगळ्यांत आधी भरते ती भांडी आणि अंघोळीच्या पाण्याची टाकी, संडासाची नाही. म्हणून ताज्या पाण्याच्या आकड्यावर भाळू नका. ती ५० गॅलनची आणि सांडपाण्याची २५ची असेल तर ही २५ची भरताच थांबावं लागतं. संडासाच्या टाकीबद्दल आपल्याला एक सोय आपोआप मिळते: आपली पाण्याने धुण्याची सवय. पाणी कमी पडलं तर मळाचा डोंगर साचतो आणि तो निघता निघत नाही. हँड स्प्रे वापरणाऱ्या घरात हे सहसा होत नाही. फक्त टाकी लवकर भरते. दिवसाला १२ गॅलनच्या आसपास धरा, म्हणजे तीसची टाकी दोन ते अडीच दिवस. कॅम्पग्राउंडवर ड्रेनेज जोडलेलं असलं तरी त्या टाकीचा व्हॉल्व्ह बंदच ठेवा आणि भरत आली की एकदम सोडा. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे पाइप धुऊन निघतो. पॅनेलवरचे टाकीचे दिवे बहुतेक गाड्यांत खोटं बोलतात. दिवस मोजणं जास्त भरवशाचं.

विजेचं गणित: ३० अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टला ३,६०० वॉट. एसी, मायक्रोवेव्ह आणि पाणी तापवण्याची विजेची कॉइल एकत्र लावली की ब्रेकर पडणारच. एका वेळी दोनच गोष्टी चालवायच्या. ५० अँपिअरच्या जोडणीत वीज वाहणाऱ्या दोन जिवंत तारा असतात, त्यामुळे १२,००० वॉट मिळतात. पण क्लास सीला त्याची गरज क्वचितच. ४,००० वॉटचा जनरेटर गाडीच्याच टाकीतून पेट्रोल घेतो, अर्ध्या भाराला तासाला साधारण अर्धा गॅलन. टाकी पाव उरली की तो आपोआप थांबतो, कारण त्याची नळी मुद्दाम वर ठेवलेली असते. बिघाड समजून मेकॅनिक शोधत बसू नका. उंचीवर त्याची ताकद हजार फुटांना तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. ८,००० फुटांवर ४,००० वॉटचे २,९००च्या आसपास उरतात आणि एसी सुरू होताना जनरेटर धापा टाकतो.

लेड-ॲसिड बॅटरीतली निम्मीच क्षमता वापरायची असते, लिथियमची ८० टक्क्यांहून जास्त. पण लिथियम शून्य अंशाखाली चार्ज करता येत नाही, आणि ती अल्टरनेटरवर चार्ज करायची तर मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, नाहीतर अल्टरनेटर तापून जातो. विक्रेता 'लिथियम आहे' म्हणाला की लगेच हा चार्जर कुठे आहे ते दाखवायला सांगा. मिक्सर नेणार असाल तर ५५० वॉटच्या मिक्सरला १२ व्होल्टच्या बाजूने जवळपास ५० अँपिअर लागतात. हजार वॉटचा, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असल्याशिवाय तो जनरेटरविना चालणार नाही.

स्वयंपाकघर बघताना शेगडीवर तुमचा कुकर आणि कढई खरोखर ठेवून बघा. तीन बर्नर असतात, पण मागचे दोन इतके जवळ असतात की दोन मोठी भांडी शेजारी मावत नाहीत. कुकर मात्र न्यायलाच हवा. यलोस्टोनच्या तळ्याकाठी उंची ७,७०० फूट, पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही. चिमणीचा पंखा हवा बाहेर टाकतो की जाळीतून गाळून पुन्हा आतच सोडतो, हे बाहेरच्या भिंतीवर झडप आहे का ते पाहून कळतं. आतच सोडत असेल तर पहिल्याच फोडणीला स्मोक अलार्म वाजणार. अशा वेळी छतावरचा पंखा बाहेर फेकण्यावर लावायचा आणि चुलीजवळची खिडकी बंद ठेवून पलीकडची उघडायची. बाहेर शेगडी मांडायची तर एक खाचखळगा आहे. गाडीच्या बाजूला असलेली प्रोपेनची जोडणी कमी दाबाची असते, आणि दुकानातल्या कॅम्पिंगच्या शेगड्यांना स्वतःचा रेग्युलेटर असतो. दोन्ही जोडले की ज्योत मेणबत्तीएवढी येते. कमी दाबावर चालणारी शेगडीच घ्या.

वापरलेली गाडी तपासताना

तीन-चार आठवड्यांचाच प्रवास असेल तर भाड्याने घ्या. रोजच्या दराखेरीज मैलांचे, जनरेटरच्या तासांचे आणि गाडी दुसऱ्या टोकाला सोडण्याचे पैसे वेगळे विचारा. दोन-तीन महिने किंवा दरवर्षीचा बेत असेल तर पाच ते आठ वर्षं जुनी विकत घ्या. कोरी करकरीत घेऊन थेट लांब निघू नका. नव्या आरव्हीत पहिल्या वर्षी इतकं काही ढिलं निघतं की वॉरंटीच्या दुरुस्तीतच उन्हाळा जातो.

जुन्या गाडीचा खरा शत्रू पाणी, इंजिन नव्हे. गाडी शक्यतो पावसानंतर बघा. शिरताच नाक वापरा. ओला, कुबट वास आला आणि विक्रेत्याने वर सुगंधी फवारा मारला असेल तर तिथूनच मागे फिरा. डोक्यावरच्या माळ्याच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत गादी उचलून बोटांनी दाबा, क्लास सी सगळ्यात आधी तिथेच गळते. संडासाभोवतीची, दारापाशीची आणि मागच्या कोपऱ्यांतली जमीन टाचेने दाबत चाला. बाहेरून भिंतीला डोळा लावून तिरप्या उजेडात लांबवर बघा. फुगवटा किंवा लाट दिसली तर फायबरग्लासचा पत्रा आतल्या प्लायवूडपासून सुटला आहे आणि ती भिंत दुरुस्त करण्यात अर्थ नाही. मग शिडी लावून छत. एसी, झडपा, पंखे यांच्या कडेचं सीलंट भेगाळलेलं असेल तर ते स्वस्तात होतं, पण आत पाणी किती शिरलं ते कळण्यासाठी ओलावा मोजण्याचं यंत्र फिरवा.

टायरच्या नक्षीची खोली बघून फसू नका. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात: ३५१९ म्हणजे २०१९ सालचा ३५वा आठवडा. सहा-सात वर्षं झाली की नक्षी कोरी असली तरी सहाही टायर बदलायचे, तो खर्च किमतीतून वजा करून मागा. मागच्या जोडीतल्या आतल्या टायरचा आकडा टॉर्च घेऊन वाचावा लागतो, आणि तोच बऱ्याचदा जुना निघतो. फ्रिज प्रोपेनवर आणि विजेवर, दोन्ही लावून बघा. थंड व्हायला सहा-आठ तास लागतात, म्हणून आदल्या रात्री सुरू करून ठेवायला सांगा.

गाडी ठरली की घरापासून शंभर मैलांच्या आत तीन रात्री काढा. एक रात्र सगळ्या जोडण्यांवर, दोन रात्री जोडणीशिवाय, पूर्ण कुटुंब आणि पूर्ण सामान घेऊन. पाणी जोडताना ४०-५० पीएसआयचा रेग्युलेटर आधी नळाला लावा, काही कॅम्पग्राउंडचा दाब आतले जोड उडवण्याइतका असतो. विजेच्या खांबाला थेट केबल न लावता मध्ये सर्ज प्रोटेक्टर. जवळचा एखादा मोठा उतार शोधून टो/हॉलचं, म्हणजे उतारावर इंजिनानेच वेग रोखणारं, बटण दाबून उतरा आणि गाडी ब्रेकशिवाय किती वेग धरते ते अंगवळणी पाडा. पश्चिमेला बिगहॉर्न डोंगर उतरताना तेच कामी येणार आहे. तिथेही १४ए हा १० टक्के उताराचा रस्ता टाळून १६ क्रमांकाचा धरा. तिसऱ्या दिवशी परतताना, सगळं भरलेलं असताना, पुन्हा एकदा काट्यावर जा आणि जे तीन दिवसांत एकदाही कपाटातून बाहेर आलं नाही ते घरी उतरवून ठेवा.